दुसऱ्या पिंपाने काय साधते?

अमेरिकेच्या अर्थखात्याच्या अखत्यारीत मद्य आणि तंबाखू यांवरील करांचे जे दप्तर आहे, त्याने डिसेंबर २०२४ मध्ये 'अमेरिकन सिंगल माल्ट व्हिस्की' या नावाला कायद्याचा दर्जा दिला आणि १९ जानेवारी २०२५ पासून तो नियम अमलातही आला. या निमित्ताने तिकडच्या भट्ट्यांच्या 'मर्यादित आवृत्ती'च्या बाटल्यांविषयी पुण्याच्या रसिकांतही कुतूहल वाढले आहे. आणि 'शेरीच्या पिंपात शेवटचा हात फिरविलेली' किंवा 'पोर्टच्या पिंपात पूर्णत्वास नेलेली' असा मजकूर लेबलावर वाचल्यावर, या दुसऱ्या पिंपाने खरोखरच काही साधते, की किंमत चढविण्याची ती एक तजवीज आहे, असे पुष्कळजण विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही; कारण हाच प्रयोग गोव्यात कुंकळ्ळी येथे 'पॉल जॉन'च्या कोठारात, नाशिक जिल्ह्यात दिंडोरी येथे 'लाँगिट्यूड ७७' या नावाने, आणि राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या बंगळूरच्या 'अमृत' भट्टीत चाललेला आहे.

सदर अमेरिकी नियमाने धान्य, भट्टी आणि पिंप या तिन्हींचा तपशील ठरवून दिला आहे: द्रव्य केवळ मोड आणलेल्या सातूचे, ऊर्ध्वपातन एकाच भट्टीत, पिंप ओकचे आणि ७०० लिटरांहून मोठे नाही. मात्र ते पिंप नवे असो वा वापरलेले, त्यास हरकत नाही. बर्बन या दुसऱ्या अमेरिकी व्हिस्कीला ही मोकळीक नाही; तिच्यासाठी आतून जाळलेले नवे कोरे ओकचे पात्रच वापरले पाहिजे, आणि याच नियमामुळे एकदा वापरून झालेली लक्षावधी पिंपे मालकास निरुपयोगी ठरून स्कॉटलंडला, आणि तशीच गोव्याला व बंगळूरला, स्वस्तात उपलब्ध होतात. एका देशाच्या अबकारी नियमाने दुसऱ्या देशाच्या मद्याची चव घडवावी, याचा इतका ठळक दाखला क्वचितच मिळेल.

आता या लाकडाकडे पाहू. अमेरिकेतील पांढऱ्या ओकच्या वाहिन्यांत टायलोस नावाच्या पेशीवाढी होऊन त्या वाहिन्या बंद होतात, म्हणून त्याच्या फळ्यांतून द्रव पाझरत नाही. तांबड्या ओकमध्ये ही सोय बहुधा नसते, आणि म्हणून तो पिंपाला चालत नाही. पिंपाच्या आतील अंगास अग्नी दिला की लाकडातील हेमिसेल्युलोज फुटून शर्करा निघतात व त्या करपतात, कोळशाचा थर ताज्या मद्यातील गंधकयुक्त दुर्गंधी द्रव्ये शोषून घेतो, ओक-लॅक्टोन ओल्या खोबऱ्याचा वास देते, आणि लाकडाला ताठरपणा देणारे लिग्निन हळूहळू तुटून त्यातून व्हॅनिलिन बाहेर पडते. आइस्क्रीममुळे आबालवृद्धांच्या परिचयाचा असलेला तो गंध लाकडात कोठून आला, हे कोडे ज्या दोन तरुणांच्या कामातून उलगडत गेले, त्यांची हकिकत मला रसायनशास्त्राच्या इतिहासातील अत्यंत रमणीय प्रकरणांपैकी एक वाटते.

व्हॅनिला त्या काळी एका ऑर्किडच्या शेंगांतून मिळे आणि अतिशय महाग असे. १८७४ मध्ये फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान यांनी सूचिपर्णी वृक्षाच्या सालीखालील रसातून कोनिफेरिन नावाचे द्रव्य वेगळे करून, त्याच्या ऑक्सिडीकरणाने हुबेहूब व्हॅनिलिन बनवून दाखविले, आणि हारमानने होल्त्समिंडेन या आपल्या गावी कारखानाही उभारला. उष्ण कटिबंधातल्या वेलीच्या शेंगेत आणि थंड प्रदेशातल्या अरण्यवृक्षात एकाच रेणूचा सांगाडा असावा, हे तेव्हा केवढे आश्चर्य वाटले असेल! परंतु दोनच वर्षांनी कार्ल रायमरने याहून सोपा मार्ग दाखविला: ग्वायाकोल घ्यावे, त्यावर क्लोरोफॉर्म आणि अल्कली यांची क्रिया करावी, आणि व्हॅनिलिन मिळवावे. आपल्याकडे बारावीचा विद्यार्थी 'रायमर-टीमान अभिक्रिया' पाठ करतो. ती एका सुगंधाच्या शोधातून जन्मली आणि तिच्या जोडनावातील पहिला मान रायमरचा आहे, हे त्याला सांगितले जातेच असे नाही. ग्वायाकोल हे नाव वाचकाने ध्यानात ठेवावे. व्हिस्कीच्या पेल्यात ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

दुसऱ्या पिंपाचे कार्य मात्र पहिल्याहून निराळे असते. पहिल्या पिंपात वर्षानुवर्षे लाकूड विरघळते आणि फळ्यांच्या आरपार शिरणाऱ्या हवेने ऑक्सिडीकरण व एस्टरांची निर्मिती चालते. दुसऱ्यात मद्य बहुधा काही महिने, फार तर एक-दोन वर्षे राहते, आणि या अल्प मुदतीत ते मुख्यतः त्या फळ्यांत आधीच मुरलेली शेरी, पोर्ट किंवा अन्य द्राक्षासव ओढून घेते. ज्या बरणीत गेल्या सालचे लोणचे होते ती धुऊन तिच्यात नवे घातले तरी पहिल्याचा स्वाद उतरतो, तसाच हा प्रकार आहे. आणि ओकची फळी चिनीमातीच्या बरणीहून कितीतरी अधिक सच्छिद्र असल्याने एका पिंपात असा कित्येक लिटर द्रव दडलेला असतो. स्कॉटलंडमध्ये बाल्व्हेनीच्या डेव्हिड स्ट्युअर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत रीतसर बाजारात आणली. त्याच दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचा दंडक आल्यामुळे, शेरीच्या वाहतुकीची जुनी पिंपे मिळणे जवळजवळ संपले. म्हणून आज ज्याला 'शेरीचे पिंप' म्हणतात, ते पुष्कळदा व्हिस्कीवाल्याच्याच मागणीवरून नवे घडवून, काही काळ शेरीने भिजवून ठेवलेले असते. यात फसवणूक नाही. परंतु जुन्या तळघराचे जे काव्य लेबलावर लिहिलेले असते, त्याचा या पिंपाशी संबंध थोडा असतो.

या विद्येत अमृतने दाखविलेली कल्पकता मला मनापासून कौतुकास्पद वाटते. त्यांची 'पोर्टोनोव्हा' बर्बनच्या व नव्या पिंपांतून पोर्टच्या पिंपात जाते आणि तेथून पुन्हा बर्बनच्या पिंपात परत येते. 'स्पेक्ट्रम'साठी तर त्यांनी निरनिराळ्या ओकच्या आणि निरनिराळ्या पूर्वेतिहासाच्या फळ्या एकाच पिंपात जोडल्या.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु उष्ण प्रदेशाविषयी जी एक गोष्ट फार सांगितली जाते, तिच्यावर माझा विश्वास बसत नाही. स्कॉटलंडच्या कोठारात दरसाल सुमारे २ टक्के मद्य हवेत उडून जाते, तर गोव्यात सुमारे ८ टक्के. म्हणजे १०० लिटरांपैकी दहा वर्षांनी तेथे सुमारे ८२ लिटर उरतात आणि येथे जेमतेम ४३. ही हानी खरी आहे, आणि आपल्याकडील जुन्या व्हिस्कीची किंमत चढी का असते याचा खुलासा तिच्यातून होतो. परंतु त्यावरून 'गोव्यातील एक वर्ष म्हणजे स्कॉटलंडची तीन-चार वर्षे' असा जो त्रैराशिकाचा हिशेब मांडला जातो, तो रसायनशास्त्राला मान्य होणारा नाही. तापमान वाढल्याने प्रत्येक क्रियेचा वेग वाढतो, पण प्रत्येकीचा सारख्या पटीने वाढत नाही. टॅनिन झरझर उतरते, मात्र ऑक्सिडीकरण आणि एस्टर बनणे त्याच प्रमाणात धावत नाही. शिवाय हवेचा कोरडेपणा निराळाच परिणाम करतो: पुण्याच्या एप्रिलसारख्या कोरड्या हवेत फळ्यांतून पाणी अधिक निसटून मद्य तीव्र होते, तर कोकणपट्टीच्या दमट हवेत अल्कोहोल अधिक निसटून ते सौम्य होते. सबब गोव्याची पाच वर्षे ही गोव्याची पाच वर्षेच मानावीत आणि त्यांतून येणाऱ्या स्वतंत्र स्वभावाबद्दल आनंद मानावा.

हे मर्म ज्याने कारखान्यात उतरविले त्या जिम स्वान या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाचे नाव मद्यरसिकांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते. द्राक्षासवाच्या जुन्या पिंपाचा आतील थर तासून, पुन्हा शेकून, पुन्हा जाळण्याची त्यांची पद्धत उष्ण प्रदेशातील भट्ट्यांना वरदान ठरली; अशाच पिंपात मुरलेली तैवानच्या कावालान भट्टीची एक व्हिस्की २०१५ मध्ये वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातील सर्वोत्तम सिंगल माल्ट ठरली. इतकेच नव्हे, तर व्हिस्कीच्या गंधांची शिस्तबद्ध परिभाषा ज्या स्कॉटिश संशोधकांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली, त्यांतही ते होते. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

पारख करताना प्रथम डोळ्यांवरचा भरवसा सोडावा. बोर्दो येथे मोरो, ब्रोशे आणि द्यूबूर्दियू यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मद्यविद्येच्या ५४ विद्यार्थ्यांना गंधहीन रंगाने तांबडे केलेले पांढरे द्राक्षासव दिले, तेव्हा त्यांनी त्याचे वर्णन तांबड्या द्राक्षासवाच्या शब्दांत केले. गडद तांबूस रंग पाहून 'शेरी' उच्चारणारी जीभ याच जातीची. नंतर पाणी घालावे, आणि त्यासंबंधी संकोच बाळगू नये. स्वीडनच्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर रेणूंची हालचाल मांडून पाहिली, तेव्हा अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना व्हिस्कीच्या गंधातले ग्वायाकोल द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहते आणि ५९ टक्क्यांच्या वर आत ढकलले जाते, असे आढळले. तेव्हा ६२ टक्क्यांच्या आसपासची पोर्टोनोव्हा निर्जळ हुंगणाऱ्याला तिचा बराचसा गंध मिळतच नसावा.

आणि दुसऱ्या पिंपाचे श्रेय ठरवायचे असेल, तर त्याच भट्टीची केवळ बर्बनच्या पिंपातली बाटली शेजारी हवी. तीन सारखे पेले, दोहोंत एक द्रव व तिसऱ्यात दुसरा, भरणारा वेगळा आणि हुंगणारा वेगळा. वेगळा पेला ओळखता आला, आणि तोही पुन:पुन्हा, तरच फरक आहे असे म्हणावे. पॉल जॉनची 'ब्रिलियन्स' आणि तिच्याच घरची, शेरीच्या पिंपातली 'ओलोरोसो' यांवर ही चाचणी पुण्यात घरबसल्या करता येईल, अर्थात परवाना जवळ बाळगून.

भट्टीवाल्यांकडे माझे मागणे एवढेच आहे की, आवृत्तीत बाटल्या किती हे जसे ते अभिमानाने छापतात, तसेच दुसऱ्या पिंपात मद्य किती महिने होते आणि त्या पिंपात त्याआधी कोणता द्रव किती काळ होता, हेही कुंकळ्ळी आणि दिंडोरी येथून निघणाऱ्या प्रत्येक लेबलावर छापावे. हा तपशील त्यांच्या कोठारातल्या वहीत असतोच.