बर्फाच्या पाण्यावरची द्राक्षे

अर्जेंटिनातील मेंडोसा प्रांतात वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही त्या देशातील सुमारे ७० टक्के द्राक्षमळे याच प्रांतात आहेत. अँडीज पर्वतावर हिवाळ्यात साठलेले बर्फ वसंत-उन्हाळ्यात वितळते, नेमके वेलीला पाणी लागते तेव्हा. नद्यांतून आलेले हे पाणी पाटांनी मळ्यांत जाते आणि पाळीने वाटले जाते. धुळे जिल्ह्यातील पांझरेवरची फड पद्धत पाहिलेल्याला ही व्यवस्था ओळखीची वाटेल.

मेंडोसात जमिनीचा भाव म्हणजे खरे तर पाण्याच्या हक्काचा भाव. १८८४ च्या कायद्याने हा हक्क जमिनीला बांधला. तो सुटा विकता येत नाही. पाटाची पाणीपट्टीही वापरलेल्या पाण्यावर नव्हे, हक्काच्या क्षेत्रावर आकारली जाते. मग पाणी वाचवणाऱ्याच्या पदरात पडते काय? पर्वतापलीकडच्या चिलीने १९८१ मध्ये हक्क जमिनीपासून तोडून बाजारात आणला. तिथे पाणी पैसेवाल्याकडे वळले आणि पेटोर्कासारख्या खोऱ्यात लहान शेतकऱ्यांच्या विहिरी आटल्या. त्यामानाने मेंडोसाचा जुना कायदा ताठर असला, तरी माणुसकीचा आहे.

मेंडोसाच्या कोरड्या हवेत केवडा कमी पडतो, फवारणीचा खर्च वाचतो. नाशिकच्या बागायतदाराला याचे मोल सांगायला नको. गारपीट मात्र जबर. तिच्यासाठी मळ्यांवर जाळी अंथरावी लागते आणि ही गुंतवणूक प्रत्येकाला झेपत नाही.

रंग आणि तुरटपणा द्राक्षाच्या सालीत असतो. मणी धरल्यावर पाणी मोजूनमापून कमी दिले की मणी लहान राहतो, रसाच्या मानाने साल वाढते आणि वाइन गडद होते. उत्पादन घटते, म्हणून किलोमागे भाव चढा मिळाला तरच हा हिशेब जुळतो. प्रांतातल्या ऊको खोऱ्यातील उंचावरच्या माल्बेक जातीच्या द्राक्षाला तो मिळतो. तिथे अनेक ठिकाणी ठिबक आणि खोल कूपनलिका आहेत, त्यामुळे विजेचे बिल मोठे. पूर्वेकडच्या सखल भागात जुने मांडव आहेत. तिथली भरघोस द्राक्षे स्वस्त वाइनला आणि रसाच्या अर्काला जातात. भाव पडला की तिथल्या लहान मळेवाल्यांचा तोडणीचा खर्चही निघत नाही. काही मळे मग ओसाड पडतात. शहरालगतच्या मळ्यांवर घरे उभी राहतात.