भाकरी रस्त्यावर, मोह कुंपणाआड

विलायतेतल्या खेड्यात चर्चच्या समोर पब असतो. रविवारी दुपारी तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे जेवायला बसतात आणि कुणाच्या हातात बियरचा ग्लास दिसला तर कुणी वळून बघत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडमध्ये अशी जागा शोधू गेलात तर ती अर्धीच सापडते. जेवण रस्त्यावर मिळतं, पिणं कुंपणाआड गेलेलं असतं.

जेवणाची बाजू तर फारच भक्कम. कसाऱ्याकडे जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावर ढाबे आहेत, पण ते ट्रकवाल्यांच्या पंजाबी चवीचे. इथली चव हवी असेल तर मुरबाडहून टोकावडे, वैशाखरे करत माळशेजच्या वाटेला लागावं आणि एखाद्या घरगुती खानावळीत गावठी कोंबडी आधी फोन करून सांगून ठेवावी. ती शिजायला वेळ घेते. ज्या ठिकाणी दहा मिनिटांत ताट समोर येतं, तिथे गावठीच्या नावाखाली ब्रॉयलर आहे असं खुशाल समजावं. सोबत तांदळाची भाकरी, कांदा, सुकटीची चटणी. पावसाच्या तोंडावर गेलात तर शेवळं मागा. सुरणाच्या कुळातली ही रानभाजी घशाला खाजते, म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळं घालतात. मुरबाड-शहापूरच्या ठाकूर, कातकरी बायका शेवळाच्या जुड्या कल्याणच्या बाजारात आणतात, आणि मुंबईची सीकेपी मंडळी तिच्यात सोडे किंवा खिमा घालण्यासाठी वर्षभर वाट बघत असतात.

पण याच खानावळीत भिंतीवर पाटी असते, ‘मद्यपानास सक्त मनाई’. खाली स्टीलच्या पेल्यात काय आहे, हे मालक विचारत नाही. तालुक्याच्या गावी परमिट रूम आहे, काळोखी आणि बंद काचांची. आणि सरकारमान्य देशी दारूचं दुकान आहे. तिथे उभ्यानं चपटी रिचवायची, मूठभर चणे तोंडात टाकायचे आणि निघायचं. तिथे गप्पा रंगत नाहीत, घरच्यांना तर कुणी नेतच नाही.

हे मुळात असं नव्हतं. या पट्ट्यात दारू म्हणजे मोहाची. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात. फिकट पिवळी, गरदार, साखरेनं भरलेली. ती वेचून वाळवायची, काही दिवस पाण्यात आंबवायची आणि मडक्याखाली मंद जाळ घालून वाफ थंड करत उतरवायची. पहिल्या धारेची सर्वांत कडक. लग्न असो की दिवसकार्य, आधी देवाला आणि पूर्वजांना थेंब वाहायचे, मग घरच्या अंगणात बायका-पुरुषांनी मिळून बसायचं. अंगण हाच इथला पब होता, आणि चूल दोन पावलांवर होती.

ते अंगण महसुलापायी मोडलं. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानं गाळण्याचा हक्क ठेकेदारांकडे गेला आणि ठाणे जिल्ह्यात उरणच्या मोठ्या भट्ट्यांची करभरली दारू विकली जाऊ लागली. जंगलात फुकटचं फूल पडलेलं असताना ती कोण विकत घेणार? म्हणून १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोह कायदा आला आणि नुसतं फूल साठवण्यावरच बंधनं आली. दुष्काळात हीच फुलं शिजवून लोक पोट भरत, हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही. पुढे १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. तो साठच्या दशकात सैल झाला, पण घरची भट्टी गुन्हाच राहिली. १९७३च्या नियमांनी देशी दारूला चौकट मिळाली. ही देशी मुख्यतः मळीच्या मद्यार्काची, बहुधा संत्र्याच्या वासाची. मोहाशी तिचं नातं नाही.

लपून गाळायची वेळ आली की दारू बिघडतेच. नवसागर, गूळ, हाती लागेल ते पिंपात जातं. त्याहून भयंकर म्हणजे मिथेनॉलची भेसळ. २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत त्यानं शंभरावर माणसं मारली. त्यामुळे ‘गावठी चाखू या’ म्हणत पाड्यावर फिरणाऱ्या शहरी हौशीचं मला कौतुक नाही. कायदा सोडा, जिवाचाही प्रश्न आहे. आणि ज्या बायकांनी नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाताना पाहिली, त्यांनी दारूचं दुकान बंद करण्याच्या मतदानात बाटली आडवी केली तर त्यांना अंगणाच्या आठवणी सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

२०२१मध्ये महाराष्ट्र सरकारनं मोहफुलांच्या साठवणुकीवरची आणि वाहतुकीवरची बंधनं उठवली. आता फूल घरात ठेवता येतं, त्याचे लाडू करता येतात. घरी गाळता मात्र येत नाही. डहाणूची साउथ सीज डिस्टिलरी मोहाचं मद्य देखण्या बाटलीत भरून विकते. गोव्यात छोटे भट्टीवाले परवान्यानं काजूची फेणी गाळतात आणि तिला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मुरबाडच्या एखाद्या बचतगटाला तपासणीसह असाच परवाना मिळाला, तर शेवळाच्या ताटाशेजारी मोहाचा छोटा पेला उघडपणे ठेवता येईल. तोवर शेवळं खा, ताक प्या आणि गाडी स्वतः चालवत परत या.