नकाशातला रंग आणि आपल्या घरासमोरचं मैदान

घर घ्यायचं ठरलं की आपण किती बारकाईने पाहतो! पाणी दोन्ही वेळा येतं का, स्वयंपाकघरात उजेड आहे का, शाळा आणि भाजीबाजार किती लांब आहे, शेजार कसा आहे. पण समोर मोकळं दिसतंय ते मैदान पाच वर्षांनी तसंच राहील का, हे सहसा कुणी विचारत नाही. मैत्रिणींनो, याचं उत्तर बिल्डरला विचारून भागत नाही. ते असतं नगरपालिकेच्या नगररचना विभागात, एका रंगीत नकाशावर.

रंग काय सांगतात?

या नकाशाला म्हणतात विकास योजना, बोलण्यात 'डीपी'. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार तो साधारण वीस वर्षांसाठी तयार होतो. घरात आपण देव्हारा कुठे, धुणं कुठे, ओटा कुठे हे ठरवतो ना, तसंच शहराचं. सर्वसाधारणपणे पिवळा रंग रहिवासी भागाचा, निळा व्यापारी, जांभळा कारखान्यांचा आणि हिरवा शेतीचा व बागांचा.

रहिवासी भाग म्हणजे नुसती घरंच असं मात्र नाही हं. दवाखाना, शिकवणी, किराणा दुकान, ठरावीक अश्वशक्तीपर्यंतची पिठाची गिरणी यांना तिथे मुभा असते. तुमच्या घरापुढचा रस्ता किती रुंद आहे, यावरही कोणती दुकानं चालतील हे ठरतं. म्हणून खालच्या मजल्यावर काही नवं सुरू झालं, तर भांडणाआधी नियम विचारावा.

एका शब्दाची किंमत

नियमातला एक शब्द काय करतो, हे मुंबईच्या गिरणगावाने पाहिलं. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. शहरात गिरण्यांची जमीन होती सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या नियमावलीने ठरवलं की, या जमिनीवर नवं बांधकाम करायचं तर ढोबळमानाने एक तृतीयांश जागा बागा-मैदानांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आवारातल्या आधीपासून 'मोकळ्या' असलेल्या जागेची करायची! आता गिरणी म्हणजे सगळ्या शेड आणि गोदामं. तिथे मोकळी जागा ती कितीशी असणार? प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. आज तिथे मॉल आणि टॉवर उभे आहेत. बागांच्या वाट्याला मात्र फारच थोडं आलं.

आरक्षणालाही मुदत असते

तुमच्या गावात कदाचित गिरण्या नसतील. पण 'खेळाचं मैदान', 'बाग', 'प्राथमिक शाळा' अशी आरक्षणं नकाशावर नक्की असतील. नकाशावर लिहिलं म्हणजे बाग झाली, असं नव्हे. योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांतही संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. मालकाचंही बरोबरच आहे. त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण पालिकेने चालढकल केली की मुलांचं मैदान जातं ते कायमचंच.

आपण काय करायचं?

प्लॉट किंवा फ्लॅट घेण्याआधी सर्व्हे नंबर देऊन 'झोन दाखला' आणि 'भाग नकाशा' मागावा. अर्ज साधा असतो, शुल्क भरावं लागतं. प्लॉटवरून डीपी रस्ता जातो का, तेही त्यात पाहावं.

"लवकरच एन.ए. होईल" असं सांगून हिरव्या पट्ट्यातला गुंठा स्वस्तात विकला जातो. तिथे परवानगी अडते, कर्जही अडतं. स्त्रीधन मोडून असा प्लॉट घेण्याआधी दाखला हातात हवाच.

नवी योजना करताना किंवा असलेल्या योजनेत बदल करताना पालिकेला हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. वर्तमानपत्रातली ती बारीक टायपातली जाहिरात रद्दीत घालण्याआधी वाचा. मुदत तिथेच छापलेली असते. हरकत साध्या कागदावर चालते: नाव, पत्ता, सर्व्हे नंबर, काय नको आणि का. पोच जरूर घ्यावी आणि सुनावणीला बोलावलं तर जावंच.

"आपलं कोण ऐकतंय?" असं म्हणू नका. मुंबईच्या २०१५ च्या आराखड्यावर हजारो हरकती आल्या, तेव्हा सरकारला तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला. सुधारित योजना लागू झाली ती २०१८ मध्ये.

तेव्हा पुढच्या भिशीला जमाल तेव्हा एक दिवस ठरवा आणि चौघीजणी मिळून पालिकेत तो नकाशा बघून या. आपल्या गल्लीतली मुलं संध्याकाळी जिथे खेळतात, त्या जागेवर काय लिहिलंय, तेवढं पाहिलंत तरी पुष्कळ झालं.