एक जीवाश्म, तीन नावे

ज्याला पिसे असतात तो पक्षी, असे आपण वर्गात सांगतो. आजच्या प्राण्यांपुरते ते बरोबरच आहे. पण हीच कसोटी १५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांना लावली तर? नेदरलँड्समधील हार्लेम शहरातल्या संग्रहालयात असलेल्या एका जीवाश्माची हकिगत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

हा जीवाश्म जर्मनीतील बव्हेरिया भागातल्या चुनखडीत १८५५ साली सापडला. हाडे थोडीच होती. हर्मान फॉन मायर यांनी १८५७ मध्ये तो टेरोडॅक्टिलस या उडणाऱ्या सरीसृपाचा ठरवला. पुढे १८६१ मध्ये त्याच भागात एका पिसाचा ठसा मिळाला. तेव्हा याच मायर यांनी 'आर्किऑप्टेरिक्स' हे नाव रूढ केले. आपल्या जुन्या जीवाश्मावरही पिसे आहेत हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नाही. १९७० मध्ये अमेरिकेच्या जॉन ऑस्ट्रम यांना त्या दगडावर पिसांचे पुसट ठसे दिसले आणि जीवाश्म आर्किऑप्टेरिक्सचा ठरला.

प्रश्न सुटला का? नाही. १९९६ मध्ये चीनमध्ये सायनोसॉरोप्टेरिक्स हा न उडणारा डायनोसॉर सापडला. त्याच्या अंगावर पिसांसारखे तंतू होते. पुढे खरी पिसे असलेले डायनोसॉरही मिळाले. म्हणजे पिसे ही एकट्या पक्ष्यांची खूण राहिली नाही.

मग नाते ठरवायचे कसे? एखाद्या गावात सगळ्यांचेच आडनाव पाटील असेल, तर आडनावावरून सख्खे भाऊ ओळखता येत नाहीत. तसेच लक्षणांचे आहे. आर्किऑप्टेरिक्सला दात होते, पण दात मगरीलाही असतात. दूरच्या पूर्वजांकडून सर्वांनाच आलेले लक्षण जवळचे नाते सांगत नाही. मनगटातले अर्धचंद्राकृती हाड मात्र डायनॉनिकससारखे डायनोसॉर आणि आर्किऑप्टेरिक्स यांच्यात आढळते, मगरीत नाही. असा पुरावा मोलाचा. शास्त्रज्ञ अशा शेकडो लक्षणांचा तक्ता मांडतात आणि सर्वांत कमी बदलांत बसणारा वंशवृक्ष शोधतात.

अशा तुलनेतूनच २०१७ मध्ये फोट आणि राउहुट यांनी हार्लेमच्या जीवाश्माला 'ऑस्ट्रोमिया' हे तिसरे नाव दिले. त्याच्या बोटांच्या हाडांवरील खाचांसारखी लक्षणे चीनमधल्या अँकिऑर्निसशी जुळत होती. खुद्द आर्किऑप्टेरिक्सही २०११ मधील एका तक्त्यात पक्ष्यांकडून डायनॉनिकसच्या गटात गेला, आणि पुढील तक्त्यांत परतला.

'मग शास्त्रज्ञांचे चुकतेच का?' असे विद्यार्थी विचारतील. आपण त्यांना सांगावे, की ही ओढाताण शेजारशेजारच्या फांद्यांची आहे. पक्षी हे दोन पायांवर चालणाऱ्या थेरोपॉड डायनोसॉरांचेच वंशज, हे खोड त्यामुळे हललेले नाही. निसर्गात बदल हळूहळू झाला. 'येथून पुढे पक्षी' ही रेघ आपण आखलेली आहे.

कबूतर, वटवाघूळ आणि उंदीर यांचा तक्ता वर्गात करून पाहावा. केवळ 'उडणे' पाहिले तर कोणाची जोडी जमते? केस, दूध आणि कानाची पाळी हे रकाने वाढवल्यावर कोणाची?