गुणपत्रिका हाती आली, पुढे काय?

नाशिकला वर्षातून दोन हंगाम येतात. एक द्राक्षांचा आणि दुसरा निकालांचा. द्राक्षांच्या हंगामाची धांदल दिंडोरी-निफाडकडे असते. निकालाच्या हंगामाची सारी गंगापूर रोडवर उतरते. अशोक स्तंभावरून निघून जेहान सर्कलपर्यंत नुसते चालत जावे. जागोजागी शिकवणीवर्गांचे फलक, फलकांवर हसऱ्या मुलामुलींची छायाचित्रे आणि प्रत्येकाच्या नावाखाली दशांशचिन्हासह टक्के! फलकाखालच्या झेरॉक्सच्या दुकानात मात्र कोणी हसताना दिसत नाही. तेथे वडील फाइल उघडून उभे असतात, आई फोनवर कोणाला तरी विचारीत असते, "अहो, नॉन-क्रिमीलेअर म्हणजे नेमका कोणता कागद?" आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो मुलगा बाहेर स्कूटरवर बसून मोबाईल पाहत असतो.

मी गेली अठरा वर्षे येथल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. प्रवेशसमितीवर नाव असल्यामुळे जून-जुलै हे दोन महिने माझे कवितेपेक्षा दाखल्यांच्या सहवासातच अधिक जातात. त्या टेबलामागे बसून एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे. आपली घरे परीक्षेची तयारी जीव तोडून करतात. प्रवेशाची तयारी मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. पूर्वी त्याने फारसे बिघडत नसे. हल्ली बिघडते.

एका दाराची दोन दारे

पूर्वी का बिघडत नसे, हे पाहण्यासारखे आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. त्या पहिल्याच तुकडीत उत्तीर्ण झालेल्यांत आपल्या जिल्ह्यातल्या निफाडला जन्मलेले महादेव गोविंद रानडे होते. ही मॅट्रिक म्हणजे शाळेचा निरोप नव्हता. ती विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. विद्यापीठानेच प्रश्न काढावे, विद्यापीठानेच तपासावे आणि पास झालेल्याला आपल्या घरात घ्यावे, असा सरळ व्यवहार. अडचण होती ती कॉलेज गाठण्याची. १९२४ साली गोखले एज्युकेशन सोसायटीने हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय काढले, तोवर नाशिकच्या मुलाला पुढच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे.

पुढे १९४९ पासून मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली आणि परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे गेली. १९६६ साली आजचे राज्यमंडळ आले. १९७५ साली अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त आली आणि तिच्यापुढे अकरावी-बारावीची दोन वर्षे जोडली गेली. दरम्यान १९६९ साली मराठा विद्या प्रसारक समाजाने गंगापूर रोडवर के.टी.एच.एम. महाविद्यालय सुरू केले आणि जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना पदवी जवळ आली. कॉलेजे वाढली, मुले त्याहून वाढली. आणि वाढत्या गर्दीत शाळा संपवण्याचे दार निराळे आणि कॉलेजात शिरण्याचे दार निराळे झाले. पहिले दार मंडळ उघडते. दुसरे कोण उघडते, हे पुष्कळ घरांना निकाल लागेपर्यंत ठाऊक नसते.

उत्तीर्ण म्हणजे पात्र नव्हे

आता हेच पाहा ना. दहावी-बारावीला उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के गुण पुरतात. दहावीला एकदोन विषय राहिले तरी 'एटीकेटी'ने अकरावीत बसता येते आणि राहिलेले विषय पुरवणी परीक्षेत सोडवता येतात. मंडळ एवढे उदार आहे. परंतु राज्यातल्या इंजिनिअरिंगला बारावीच्या ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ४५ आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात, शिवाय सीईटी द्यावी लागते. डॉक्टर व्हायचे तर खुल्या वर्गाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ५० टक्के आणि वर ७२० गुणांची 'नीट'. आणि हे आकडे म्हणजे नुसते उंबरठे! आत खुर्ची मिळणे न मिळणे हे आपल्या गुणांवर नव्हे, तर त्या वर्षी त्याच खुर्चीवर डोळा ठेवलेल्या इतरांच्या गुणांवर ठरते. शेजारच्या बंड्याला गेल्या वर्षी ८८ टक्क्यांना अमुक कॉलेज मिळाले म्हणून आपल्या बेबीला यंदा मिळेलच, हा हिशेब म्हणूनच फसतो.

दुसरी गोष्ट पसंतिक्रमाची. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. दहा कॉलेजांपर्यंत पसंती भरता येते. यात एक मेख आहे, ती नीट ध्यानात घ्यावी. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ते घ्यावेच लागते. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जाते. तेव्हा 'पहिले नाव गंमत म्हणून टाकू' असे करू नये. मौज अशी की हा अर्ज बहुधा बाबा भरतात, कधी मामा भरतो, कधी सायबर कॅफेवाला भरतो. ज्याला दोन वर्षे त्या बाकावर बसायचे आहे, त्याला आपली दहा नावे विचारली तर चार सांगता येत नाहीत.

आजोबांचा दाखला

माझ्या टेबलासमोर तीन-चार वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातली दोन चुलत भावंडे आली होती. दोघेही इतर मागासवर्गातली. मुलीला सीईटीत बरे गुण, मुलाला तिच्याहून चांगले. मुलीने अकरावीतच जातपडताळणीचे काम हाती घेतले होते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही तारीख १९५० मधली आहे, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ मधली. म्हणजे एकविसाव्या शतकात इंजिनिअर व्हायला निघालेल्या मुलीला आधी आजोबा ज्या शाळेत गिरवत बसले, तेथे जावे लागते. ती गेली. शाळेच्या जनरल रजिस्टरात आजोबांचे आडनावच नव्हते; नुसते नाव आणि वडिलांचे नाव. मग धाकट्या आजोबांचा दाखला शोधला, वंशावळ लिहिली, प्रतिज्ञापत्र केले, एकदा त्रुटी निघाली ती भरून दिली. या साऱ्याला सात महिने लागले. पण बारावीचा निकाल लागला तेव्हा वैधता प्रमाणपत्र कपाटात होते.

मुलाच्या घरी विचार असा की आधी निकाल तर लागू दे! निकाल लागला आणि मग रजिस्टरातल्या आडनावाची तीच गाठ समोर आली. बहिणीचे प्रमाणपत्र जोडले तरी अर्ज तपासायला वेळ हा लागतोच. मुदत संपली, राखीव जागेवरचा हक्क गेला आणि खुल्या वर्गातून त्याला हवी ती शाखा मिळाली नाही. आज तो बी.एस्सी. करून नोकरीच्या शोधात आहे. पोरगा हुशार आहे, तो आपली वाट काढील. पण ज्या जागेसाठी त्याने दोन वर्षे पहाटे उठून गणिते सोडवली, ती गणितामुळे गेली नाही. एका कागदामुळे गेली. हे त्याच्या आईला अजून समजावता येत नाही आणि मलाही नीटसे येत नाही.

नॉन-क्रिमीलेअरचेही असेच. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. म्हणजे जूनमध्ये लागणाऱ्या कागदाची मुदत तोवर संपलेली असेल तर तो कागदच राहतो. उत्पन्नाच्या दाखल्याला २०२४ पासून निराळेच मोल आले आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क राज्य सरकार भरते. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. पुष्कळ वडील घाईने कोट्याचे पैसे भरतात आणि मग ही ओळ वाचतात.

बाक रिकामे, हजेरी पूर्ण

आता थोडे माझ्या दुकानाविषयी. अकरावी-बारावीचे विज्ञानाचे विद्यार्थी आजकाल कॉलेजात नाव घालतात आणि दिवसभर बसतात शिकवणीवर्गात. पुष्कळ ठिकाणी तर दोघांत तसा समझोताच असतो. बाक रिकामे आणि हजेरी पूर्ण, असा चमत्कार मग दिसतो. मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची मुभा आहे, त्यात गुण भरघोस मिळतात. तेव्हा मराठी सुटते. याची तक्रार मी पोटापाण्यासाठी करतो आहे असे समजू नका. या दोन वर्षांत मुलगा अर्ज लिहायला, चार माणसांत बोलायला, आपल्याला काय आवडते आणि काय जमत नाही हे ओळखायला शिकतो. ती वर्षे बहुपर्यायी प्रश्नांत गेली की पसंतिक्रमाच्या रकान्यात काय लिहावे, ते त्याला कोठून सुचणार? एका विद्यार्थिनीला मी विचारले, "तुला कॉम्प्युटर का घ्यायचा आहे?" ती म्हणाली, "सर, माझ्या पर्सेंटाइलला तेच येतंय." उत्तर प्रामाणिक होते, म्हणूनच जास्त लागले.

रस्त्याचे दुसरे टोक

गंगापूर रोडला आणखी एक टोक आहे, त्याची आठवण निकालाच्या दिवसांत कोणाला होत नाही. आनंदवली, सोमेश्वर मागे टाकून धरणाच्या दिशेने गेले की यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागते. १९८९ साली ते स्थापन झाले. राम ताकवले पहिले कुलगुरू. ज्यांची बारावी कधी झालीच नाही, अशा प्रौढांसाठीही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम देऊन पदवीची वाट या विद्यापीठाने काढली. गृहिणी, कामगार, पोलीस, परिचारिका किती तरी माणसे त्या वाटेने पदवीधर झाली. शाळा सुटलेल्यांसाठी दहावी-बारावीचा 'सतरा नंबरचा फॉर्म' आहेच. सांगायचे ते एवढेच की, एका जूनमध्ये एक दार लागले म्हणजे रस्ता संपला असे नव्हे. पण आडवाटेने जाणाऱ्याला वर्षे अधिक लागतात, हेही खरे. म्हणून सरळ वाटेची तयारी वेळेवर करावी.

या सुट्टीत एवढे करा

दिवाळीची सुट्टी ही त्या तयारीला फार सोयीची. फराळाचे डबे उघडतो तसे एकदा कागदांचे कपाट उघडावे. मुलाचे नाव, जन्मतारीख आणि जात शाळेच्या रजिस्टरात, आधारवर आणि जन्मदाखल्यावर एकसारखी आहे ना, ते अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. चूक असेल तर शाळा सोडण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी, नंतर ते काम फार किचकट होते. अकरावीत पाऊल पडताच पडताळणीचा अर्ज द्यावा. अधिवासाचा दाखला काढून ठेवावा. आणि आजोबा गावी भेटले, तर त्यांना शाळा कोठली, गुरुजी कोण, रजिस्टरात नाव कसे लागले, हे विचारून घ्यावे. पडताळणीचे काम होईल ते होईलच. पण नातवाला एक गोष्टही ऐकायला मिळेल.

मग शेवटी, मुलाला जवळ बसवून एक कोरा कागद द्यावा आणि म्हणावे, "तुझी दहा नावे तू लिही. आम्ही वाचू, बदलणार नाही." तो लगेच लिहील असे नाही. पण त्याने लिहायला घेतलेल्या पहिल्या नावापासूनच त्याच्या कॉलेजची सुरुवात होते.