चाळीस तासांचा परवाना, सत्तर तासांचं बिल

अमेरिकेत ४०, कॅनडा, ब्रिटन, युरोप आणि दक्षिण आफ्रिकेत ४५, न्यूझीलंडमध्ये ५०, ऑस्ट्रेलियात सलग अभ्यासक्रम केला तर ३५. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान इतके तास उड्डाण करावं लागतं. भारतात हा आकडा ४० आहे. म्हणजे फ्लोरिडाला जाऊन कागदावर एक तासही वाचत नाही. तरी हिंजवडीत नोकरी आणि पिरंगुटला घर असलेल्या एखाद्याला विमान उडवायची हौस आली, की तो आधी परदेशाचीच चौकशी करतो. त्यात चूक काही नाही; फक्त देश निवडताना तो जो आकडा बघतो, तो बहुतेक वेळा कुचकामी असतो.

हिंजवडी-पिरंगुटच्या मुळशी तालुक्यात किंवा जवळच्या पुण्यात विमान शिकायची सोय नाही. ॲम्बी व्हॅलीची धावपट्टी खासगी, लोहगाव हवाई दलाचं, आणि हडपसरच्या केंद्रात ग्लायडिंग शिकवतात. शिवाय हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या ढगांचा. २४ ऑगस्ट २०२४ ला पौडजवळ हेलिकॉप्टर पडलं, चौघं वाचले. २ ऑक्टोबरला बावधनला दुसरं पडलं, तिघं गेले. दोन्हीकडे अनुभवी वैमानिक होते. नवशिक्याला मोकळं आकाश हवं, आणि ते पर्जन्यछायेतल्या बारामतीकडे मिळतं. मुळशीहून बारामती साधारण सव्वाशे किलोमीटर. राज्यात गोंदिया, शिरपूर, धुळे इथंही उड्डाण प्रशिक्षणाची परंपरा आहे.

भारतात तासाचा दर साधारण १५ ते २० हजार रुपये. पन्नास तास लागले तरी साडेसात ते दहा लाख. मग लोक बाहेर का जातात? कारण आपल्या संस्थांचा धंदा व्यावसायिक परवान्यावर चालतो. त्याला २०० तास लागतात, आणि २०२३ मध्ये देशात असे १,६२२ परवाने दिले गेले. विमानं, प्रशिक्षक, परीक्षक मोजकेच. एअरलाइनच्या नोकरीसाठी आलेल्या मुलांच्या रांगेत शनिवार-रविवारचा हौशी माणूस शेवटी उभा राहतो. त्यात २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं पहिल्यांदा संस्थांना श्रेणी दिल्या, तेव्हा ३५ पैकी एकही ‘ए’ श्रेणीत बसली नाही. १३ ‘बी’त आणि २२ ‘सी’त गेल्या. बाहेर जाणारा माणूस जास्तीचे पैसे मोजतो ते ठरलेल्या तारखेला विमान मिळावं म्हणून.

तर तिकडचा हिशोब. अमेरिकेत किमान ४० तास असले तरी प्रत्यक्षात बहुतेकांना ६० ते ७५ लागतात. आता दोन शाळा कल्पनेनंच घेऊ. पहिलीचं विमान इंधनासह तासाला १५० डॉलर, दुसरीचं १७०. पहिली मोठ्या, गजबजलेल्या विमानतळावर. तिथं इंजिन चालू करून टॅक्सीवेवर दहा-पंधरा मिनिटं रांगेत काढावी लागतात, आणि भाड्याचं हॉब्स मीटर इंजिन सुरू झाल्यापासून पळतं. प्रशिक्षकाचं मीटरही सोबत. समजा तिथं ७० तास लागले आणि दुसरीकडे ५८. पहिलीचं विमानभाडं १०,५०० डॉलर, दुसरीचं ९,८६०. एकट्यानं उडवायचे १० तास वजा करून प्रशिक्षकाचे तासाला ६० डॉलर धरले तर पहिलीकडे ३,६००, दुसरीकडे २,८८०. बेरीज १४,१०० आणि १२,७४०. डॉलर ९० रुपयांनी धरला तर ‘स्वस्त’ शाळा १ लाख २२ हजारांनी महाग पडली. दुसरीतसुद्धा परीक्षकाचे ९०० आणि दोन महिन्यांच्या राहण्या-जेवणाचे ३,००० मिळवले की १६,६४० डॉलर, म्हणजे जवळपास १५ लाख होतात. विमानाचं तिकीट आणि व्हिसा वेगळे. वर्षात १० लाखांपुढे पैसे बाहेर पाठवले की बँक टीसीएस हा आगाऊ कर कापते. तो विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो, पण तोवर रक्कम अडकते.

म्हणून शाळेला दर विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: गेल्या वर्षी परवाना मिळालेल्या विद्यार्थ्यांना सरासरी किती तास लागले, आणि परीक्षकाची तारीख किती आठवड्यांनी मिळते. उत्तर टाळणारी शाळा सोडून द्या.

आता भारतात परतल्यावरचा प्रश्न. याचं उत्तर आपले लोक निघण्याआधी शोधत नाहीत, याचं मला नवल वाटतं. अमेरिकेच्या परवान्यावर इथलं ‘व्हीटी’ नोंदणीचं विमान थेट उडवता येत नाही. भारताचा परवाना किंवा मान्यता लागते. आपल्या नियमात ४० पैकी २० तास एकट्यानं उडवलेले हवेत. अमेरिकेत आणि युरोपात हा आकडा १०, कॅनडात १२. म्हणजे तिकडे परीक्षा पास झालेला माणूस आपल्या कोष्टकात निम्म्यावर अडकू शकतो. उरलेले एकट्याचे तास तिथंच, विमान हाताशी असताना उडवून लॉगबुकात नोंदवून आणलेले बरे. दीडशे सागरी मैलांचं, म्हणजे २७८ किलोमीटरचं एक एकट्याचं लांब उड्डाण मात्र दोन्हीकडे लागतं. पुण्याहून रस्त्यानं सोलापूर गाठून थोडं पुढं जावं, तेवढं.

व्हिसाचं थोडक्यात. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर परवान्याचा अभ्यासक्रम करता येत नाही. बहुतेकांना एम-१ लागतो, आणि सुरक्षा तपासणीसाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. कॅनडात सहा महिन्यांहून लहान अभ्यासक्रमाला सहसा स्टडी परमिट लागत नाही, पण तिथल्या हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे जमिनीवर बसायची तयारी ठेवा. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी ढग येतात. नोव्हेंबर ते एप्रिल उत्तम. युरोपात लेखी परीक्षेचे नऊ विषय, अमेरिकेत ६० प्रश्नांचा एकच पेपर. नोकरीतून आठ आठवड्यांची रजा काढणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे.

माझं मत सरळ आहे. मुलगी न्यू जर्सीला किंवा भाऊ टेक्ससला असेल आणि दरवर्षी फेरी होणार असेल, तर अमेरिका. तो परवाना संपत नाही, दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकाकडून उजळणी केली की झालं. इथंच उडवायचं असेल, तर पावसाळा संपल्यावर बारामती किंवा शिरपूरला जाऊन विमानं किती आणि चालू किती, ते स्वतः मोजून या. एअरलाइनचं स्वप्न असेल, तर देश निवडण्याआधी भारतातली वैद्यकीय तपासणी, आधी क्लास टू आणि मग क्लास वन, उरकून घ्या. आणि कोणत्याही देशात, कितीही सवलत दाखवली तरी, सगळी फी एकदम आगाऊ भरू नका.