एका गायकाची बखर आणि तिचे वाचक

आवडत्या गायकाचें आत्मचरित्र हातीं घेणारा वाचक कोऱ्या मनानें तें उघडीत नाहीं. त्या गायकाचीं गाणीं त्यानें तरुणपणीं ऐकलेलीं असतात, स्वतःचीं कांहीं सुखदुःखें त्या गाण्यांशीं जोडलेलीं असतात, आणि गायकाच्या आयुष्याची एक कथा त्यानें मनांतल्या मनांत आधींच रचून ठेवलेली असते. त्यामुळें पुस्तक उघडतांच दोन चरित्रांची गांठ पडते; एक गायकानें लिहिलेलें, दुसरें वाचकानें कल्पिलेलें. हीं दोन जुळलीं नाहींत म्हणजे कांहीं वाचक पुस्तकावर रुसतात, कांहीं आपली जुनी कथा टाकून नवी स्वीकारतात, तर कांहीं हातांत पेन्सिल घेऊन चुका शोधूं लागतात. ऑक्टोबर २००४ मध्यें अमेरिकन गायक बॉब डिलन याचें 'क्रॉनिकल्स, भाग पहिला' हें आत्मकथन प्रसिद्ध झालें, तेव्हां हे तिन्ही प्रकार पहावयास मिळाले.

डिलनचा जन्म १९४१ सालीं अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांतील डुलुथ येथें झाला. त्याचें मूळ नांव रॉबर्ट झिमरमन. १९६१ च्या जानेवारींत, वीस वर्षेंहि पुरीं न झालेला हा तरुण गिटार घेऊन न्यूयॉर्कला आला; आणि जुन्या लोकगीतांच्या वळणावर रचलेल्या त्याच्या गाण्यांनीं दोनतीन वर्षांतच, अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका पिढीला वाणी दिली. ती पिढी त्याला आपला पुढारी मानूं लागली न लागली, तोंच त्यानें वाट बदलली. २५ जुलै १९६५ रोजीं न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवांत तो विजेची गिटार आणि साथीदारांचा ताफा घेऊन उभा राहिला व रॉक संगीत गाऊं लागला. श्रोत्यांत गलका झाला. पुढील वर्षीं, १७ मे १९६६ रोजीं, इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं एका श्रोत्यानें भर सभागृहांत त्याला 'जूडास' अशी हांक मारली. ज्या शिष्यानें ख्रिस्ताला शत्रूच्या हवालीं केलें त्याचें तें नांव. म्हणजे त्या श्रोत्याच्या लेखीं डिलन विश्वासघातकी ठरला होता. त्याच वर्षींच्या जुलैंत मोटारसायकलीचा अपघात झाला, आणि पुढें १९७४ पर्यंत डिलननें मोठा दौरा असा काढलाच नाहीं.

ज्याच्याविषयीं कळतें थोडें, त्याच्याविषयीं कुतूहल फार. डिलनच्या चाहत्यांत संशोधकी वृत्तीचे लोक पूर्वींपासून पुष्कळ. मँचेस्टरच्या त्या कार्यक्रमाचें चोरून बाहेर पडलेलें ध्वनिमुद्रण कित्येक वर्षें लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधलें म्हणून हातोहात फिरत असे. जाणकारांनीं तपशील ताडून पाहिला, आणि १९९८ मध्यें तें अधिकृतपणें निघालें तेव्हां तें मँचेस्टरचें असल्याचें मान्य झालें. एका चाहत्याची मजल तर डिलनच्या न्यूयॉर्क येथील घराबाहेरचा केरकचरा उपसण्यापर्यंत गेली! गाण्यांतली ही स्त्री कोण, तो शत्रु कोण, १९६६ मध्यें नक्की काय घडलें, हे प्रश्न या मंडळींनीं चाळीस वर्षें उराशीं बाळगले होते. त्यांचीं उत्तरें आतां खुद्द गायकाच्या लेखणींतून मिळणार, अशी त्यांची अपेक्षा होती.

पुस्तक आलें तें सुमारें तीनशें पानांचें. प्रकरणें पांच. पहिलीं दोन आणि शेवटचें, हीं तीन प्रकरणें १९६१ च्या सुमाराचें न्यूयॉर्क आणि त्यापूर्वींचें मिनेसोटा यांविषयीं आहेत. तिसरें १९७० सालच्या 'न्यू मॉर्निंग' या ध्वनिमुद्रिकेभोंवतीं फिरतें. चौथें १९८९ मध्यें निघालेल्या आणि न्यू ऑर्लीन्स शहरीं तयार झालेल्या 'ओ मर्सी' या ध्वनिमुद्रिकेचें आहे. ज्या दोन वर्षांसाठीं लोकांनीं हें पुस्तक विकत घेतलें, त्या १९६५-६६ च्या वादळाचें वर्णन यांत नाहीं. अपघात दोनचार वाक्यांत आटोपला आहे. डिलनचे दोन विवाह झाले. पण पुस्तकांत दोन्ही ठिकाणीं 'माझी पत्नी' एवढाच उल्लेख येतो, आणि ही कोणती हें वाचकानें काळावरून ओळखावयाचें.

तरीहि पुष्कळ वाचक तृप्त झाले. मुलाखतींत तिरकीं उत्तरें देणारा, पत्रकारांना हुलकावणी देणारा हा मनुष्य येथें मोकळेपणानें बोलत होता. आणि बोलत होता तो स्वतःपेक्षां इतरांविषयींच अधिक. वुडी गथ्री, डेव्ह व्हॅन रॉंक, माइक सीगर या लोकगायकांचे ऋण तो मनापासून मानतो. लोकसंगीताचे सोंवळे भक्त ज्याच्याकडे नाक मुरडीत, त्या रिकी नेल्सनविषयींहि तो आपुलकीनें लिहितो. ब्रेख्तच्या नाटकांतील एक गाणें ऐकून तें कसें बांधलें आहे हें आपण कसें उकलून पाहिलें, याचें त्यानें केलेलें वर्णन गीतरचना शिकणाऱ्यानें अवश्य वाचावें. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत बसून १८५५ ते १८६५ या, यादवी युद्धाच्या आगेमागेच्या काळांतील वर्तमानपत्रें तो वाचीत असे, हा भागहि तसाच. एक मन कसें घडलें हें ज्यांना जाणावयाचें होतें त्यांना येथें भरपूर मिळालें. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादींत हें पुस्तक एकोणीस आठवडे राहिलें, आणि अमेरिकेतील ग्रंथसमीक्षक मंडळाच्या पारितोषिकासाठीं निवडलेल्या अंतिम पुस्तकांत त्याची गणना झाली.

निराश झालेल्यांची तक्रार वेगळी होती. त्यांच्या मतें घराचा मुख्य दरवाजा बंद ठेवून पाहुण्याला परसदारीं नेण्यासारखा हा प्रकार होता. त्यांना पुस्तकांत उत्तर आहे. पण तें त्यांना रुचणारें नाहीं. वुडस्टॉक येथें राहत असतां अनोळखी लोक घरांत शिरत, छपरावर चढत, आणि बायकामुलांना स्वस्थता मिळेनाशी झाली होती, असें डिलन सांगतो. लोकांनीं लादलेली पुढाऱ्याची प्रतिमा पुसून टाकण्यासाठीं आपण मुद्दाम विक्षिप्तपणा केला. एकदां डोक्यावर व्हिस्की ओतून घेऊन दुकानांत गेलों, असेंहि तो लिहितो. अर्थात् जे वाचक त्याच्या आयुष्याचा कोपरान् कोपरा पाहूं इच्छीत होते, त्यांना तो याच पुस्तकांत उंबरठ्यावरून परत पाठवीत होता. चाळीस वर्षें प्रेम केल्यावर ज्याचें त्याला तें वाक्य झोंबणें स्वाभाविकच होतें.

तिसरा वर्ग पेन्सिलवाल्यांचा. त्यांना घटनांचा क्रम मागेंपुढें झालेला दिसला. सुरुवातीच्या दिवसांत ज्या दांपत्याकडे आपण राहिलों, ज्यांच्या घरांतील ग्रंथसंग्रहानें आपल्याला शहाणें केलें, असें डिलन सविस्तर सांगतो, त्या दांपत्याचा माग शोधकांना लागेना. लॉनी जॉन्सन या वृद्ध वादकानें विषम संख्यांवर आधारलेली गिटारवादनाची एक पद्धति शिकवली, असें डिलन लिहितो. ती पानें वाचून गिटार वाजवणारे चाहते बुचकळ्यांत पडले. ही खरी विद्या कीं निव्वळ थट्टा, यावर त्यांच्यांत आजवर एकमत नाहीं. शिवाय एके ठिकाणीं डिलन सांगतो कीं, चेकॉव्हच्या लघुकथांवरून आपण एक संबंध ध्वनिमुद्रिका रचली आणि टीकाकारांनीं ती आत्मचरित्रात्मक ठरवली! ती १९७५ ची 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' असावी असा बहुतेकांचा तर्क आहे. आतां हें विधान तरी खरें मानावें कीं नाहीं?

पण खरी खळबळ पुढेंच उडाली. २००६ मध्यें प्राचीन भाषांच्या एका अभ्यासकाला या पुस्तकांतील कांहीं वाक्यें ओळखीचीं वाटलीं. शोधतां शोधतां जॅक लंडन, मार्क ट्वेन अशा लेखकांचे शब्द सांपडले. त्यानंतर स्कॉट वॉर्मुथ या संगीतप्रेमी शोधकानें हा धागा पुढें नेला आणि २०१० सालीं त्यावर निबंध प्रसिद्ध केला. जॅक लंडनच्या कथाकादंबऱ्या, 'टाइम' साप्ताहिकाचा १९६१ मधला एक अंक, न्यू ऑर्लीन्सची प्रवासमार्गदर्शिका, अशा नाना ठिकाणचे तुकडे डिलनच्या स्वतःच्या आठवणींत बेमालूम शिवलेले आढळले. कोठें वाक्याचा अर्धा भाग, कोठें चारपांच शब्दांची जुळणी. मूळ लेखकाचें नांव कोठेंच नाहीं.

येथें चाहत्यांचे दोन तट पडले. एका तटाचें म्हणणें असें कीं, लोकसंगीताची रीतच ही आहे. जात्यावरची ओवी पहिल्यानें कोणीं म्हटली हें कोणी विचारीत नाहीं. सासरीं गेलेली लेक आईची ओवी घेते, तींत आपलें एक चरण घालते, आणि ती ओवी तिची होते. डिलनची गाणीं याच रीतीनें झालेलीं आहेत. मग गद्यांतहि तो तसेंच करणार. गाण्यांतील अशाच उसनवारीबद्दल २०१२ मध्यें विचारतां डिलननेंहि परंपरेचाच हवाला दिला आणि आक्षेप घेणाऱ्यांवर तो संतापला. दुसऱ्या तटाचें म्हणणें असें कीं, ओवी सर्वांची असते, पण आठवण एकट्याची असते. 'हें माझ्या डोळ्यांनीं मीं पाहिलें' असें सांगणाऱ्यानें दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहिलेलें सांगूं नये. आणि सांगितलेंच, तर शेवटीं एका ओळींत ऋण मानावें. शाळेंतल्या मुलाला जो नियम, तो थोर कवीलाहि असावा.

दुसऱ्या तटाचें म्हणणें अधिक रास्त आहे. तथापि त्यामुळें पुस्तक टाकाऊ ठरतें असें नाहीं. 'क्रॉनिकल' या शब्दाला मराठींत जवळचा शब्द 'बखर' हा आहे, आणि बखरीचें काय करावें हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं बखरींवर कठोर टीका केली. त्यांतील काळाची उलटापालट आणि दंतकथा दाखवून अस्सल कागदपत्रांचा आग्रह धरला. तो आग्रह योग्यच होता. परंतु म्हणून भाऊसाहेबांची बखर वाचणें कोणी सोडलें नाहीं. तारीख हवी असेल तर पत्रें पहावीं. पानिपतचें दुःख मराठी मनांत कसें उतरलें हें पहावयाचें असेल तर बखर उघडावी. डिलनच्या पुस्तकालाहि हाच न्याय लावतां येतो. १९६१ च्या न्यूयॉर्कची दैनंदिनी म्हणून तें भरंवशाचें नाहीं. पण गांवाकडून आलेल्या एका हुशार मुलाला तें शहर कसें भासलें हें त्यांत आहे. आणि तो भास कोणाकोणाच्या शब्दांनीं घडवला, हें पेन्सिलवाल्यांच्या परिश्रमामुळें कळलें. त्यांनीं पुस्तकाची हानि केली नाहीं. तें कसें वाचावें हें दाखवून दिलें.

मात्र चाहत्यांच्या सहनशीलतेलाहि सीमा असते, हें पुढें अठरा वर्षांनीं दिसलें. नोव्हेंबर २०२२ मध्यें डिलनचें सहासष्ट गाण्यांवरील निबंधांचें नवें पुस्तक निघालें. त्याच्या नऊशें प्रति लेखकाच्या हातच्या सहीच्या म्हणून प्रत्येकीं ५९९ डॉलरांस विकण्यांत आल्या. प्रति घरीं पोंचल्या, चाहत्यांनीं आपापल्या सह्या ताडून पाहिल्या, तों त्या यंत्रानें केलेल्या निघाल्या. मोठा गहजब झाला. प्रकाशकाला पैसे परत करावे लागले, आणि सहसा खुलासा न करणाऱ्या डिलनला, आजारपण व महामारी यांचें कारण सांगून, जाहीर क्षमा मागावी लागली. कल्पित दांपत्य आणि उसनीं वाक्यें यांकडे ज्यांनीं हंसून पाहिलें होतें, तेहि या सहीवर चिडले.

यांत विसंगति दिसते, पण ती वरवरची. आठवणी सांगणारा मनुष्य कांहीं विसरेल, कांहीं सजवील, कांहीं झांकील हें वाचक धरून चालतो. सहीच्या बाबतींत मात्र तशी सवलत नसते. ती हातानें केली आहे असें लेखी वचन देण्यांत आलें होतें, आणि तें मोडलें. चाहता कलावंताकडे संपूर्ण सत्याची मागणी क्वचितच करतो. पण जेवढें सत्य कबूल केलें तेवढें तो मोजून घेतो. आत्मचरित्र लिहिणाऱ्यानें म्हणूनच आपण काय देणार आहों, हें आरंभींच स्पष्ट करावें. डिलननें तें केलें नाहीं, आणि त्याच्या वाचकांतील बहुतेक भांडणें तेथूनच उद्भवलीं.

हें आत्मकथन एकूण तीन भागांत निघावयाचें होतें. वीस वर्षें उलटून गेलीं तरी दुसरा भाग निघाला नाहीं. तो निघालाच, तर पहिल्या दिवशीं दुकानापुढें रांगेंत उभे राहणारांत पहिल्या भागावर रुसलेले असतील, प्रसन्न झालेले असतील, आणि हातांत पेन्सिल घेतलेले तर खासच असतील.